जामीन राहिलेला मामा आणि फुटलेली गाडी

“जामीन मी राहिलो, गाडी तो चालवते, अन् बँकेचे फोन मले येऊन रायले. नातं सांभाळू का पैसे?” या धाटणीचा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे सारखा येतो. कधी साळा-भाटव्याचा असतो, कधी काका-पुतण्याचा, आणि सोयाबीनचा पैसा हाती येऊन संपला की जरा जास्तच. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. भाच्याचं छोटं कृषी केंद्र. धंदा बरा, पण बँकेला दाखवायला पक्कं उत्पन्न नाही, म्हणून त्याच्या गाडीच्या कर्जाला जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असलेले मामा जामीन राहिले. हप्ता साडेअकरा हजारांचा. वर्षभर सुरळीत चाललं. मग मामांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि बस्त्यासाठी त्यांनी दोन दिवस गाडी मागून नेली. रात्री यवतमाळहून परतताना तुरीच्या वावरातून रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. गाडी मामांचा मुलगा चालवत होता. माणसं वाचली, पण बोनेट, रेडिएटर आणि डावा हेडलाइट गेला. खर्च ६८,००० रुपये.

भाच्याने हप्ते थांबवले. बँकेने मामांना गाठलं. मामांनी नाइलाजाने दोन हप्ते भरले आणि बहिणीकडे जाणं सोडलं. तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांनी दोघांना बसवून पाहिलं. समेट झाला, चहा झाला आणि पुढचा हप्ता पुन्हा थकला.

माझ्याकडे आले तेव्हा मामांचं पहिलं वाक्य होतं, “मॅडम, सही माही, पगारपत्रक माहं. मंग दोन दिवस गाडी मांगितली त कोणता गुन्हा केला?”

भाचा म्हणाला, “मांगाले ना नाही. पण फोडून आणली, अंगणात उभी केली, अन् म्हणे इन्शुरन्समधून घे.”

“मग घेतले का नाही?”

तो खाली बघत राहिला. नूतनीकरणाच्या वेळी पैसे वाचवायला त्याने फर्स्ट पार्टी सोडून नुसता थर्ड पार्टी विमा काढला होता. तो कायद्याने सक्तीचा असतो, पण त्यातून समोरच्याचं नुकसान भरून निघतं, आपल्या गाडीचा रुपयाही मिळत नाही. ही गोष्ट त्याने जामीनदार मामांना सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

इथे थोडं कोरडं बोलते, कारण नेमकं इथेच लोक फसतात. जामीन राहणं म्हणजे ओळख देणं नव्हे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं बँकेला सुनावता येत नाही. हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि डाग जामीनदाराच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरही पडतो. तरीही आरसी बुकावर नाव कर्जदाराचं आणि बोजा बँकेचा. जामीनदाराचा गाडीवर हक्क नाही. मामांना हे पटायला वेळ लागला. पगारपत्रक दिलं म्हणजे चावीत अर्धा वाटा आलाच, असं ते मनातून धरून चालले होते.

दुसरं म्हणजे, हप्ता आणि ठोकर ही दोन भांडणं आहेत. घरात ती एकत्र कालवली जातात. ‘तू गाडी फोडली म्हणून मी हप्ता भरत नाही.’ यात शिक्षा मामांना होते असं भाच्याला वाटतं, पण दंड त्याच्याच खात्यावर चढतो आणि बँकेने ओढून नेली तर त्याचीच गाडी जाते. म्हणून माझ्याकडे पहिली अट हीच असते की भांडण चालू ठेवा, हप्ता चालू ठेवा. जामीनदाराला भरावा लागलाच, तर रोख हातात न देता थेट कर्जखात्यात भरावा आणि पावती जपावी. ती रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम १४५ ने दिलाय.

इतकं तर वकीलही सांगेल. मला खटकत होतं ते वेगळंच. भाचा तसा सरळ पोरगा, उधारीवर बियाणं देणारा. मामांना दोन हप्ते भरावे लागले याची मात्र त्याला जराही टोचणी नव्हती. कुटुंबोपचारातले एक मोठे नाव, इव्हान बोझोर्मेनी-नाज, घरातल्या अदृश्य खतावणीबद्दल बोलत. कोणी कोणासाठी काय केलं याची नोंद प्रत्येक जण मनात ठेवतो, आणि दोघांच्या नोंदी क्वचितच जुळतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. टोचणी नसेल तर समजावं, याच्या वहीत समोरच्याकडे जुनी बाकी दिसतेय.

म्हणून पुढच्या वेळी मी आईला बोलावलं. भाच्याची आई, मामांची बहीण. आतापर्यंत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. मी इतकंच विचारलं, “भावाने सही केली ती कोणासाठी?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “माह्यासाठी. मीनं बी एक सही केली होती न त्याच्यासाठी.”

“कोणती?”

“हक्कसोडीची. बाबा गेल्यावर. तवा हा म्हणे, बाई, तुह्या पोराले कधी काही लागलं त मी हाव.”

मामा एकदम म्हणाले, “ते मी विसरलो नाही, बाई. पण याले कोणी सांगितलं?”

“मायनं नाही सांगितलं,” भाचा म्हणाला. “वावराचे कागद काढाले गेलो तवा फेरफार दिसला. सहा एकरात मायचं नाव कुठंच नाही. माह्या हिशोबानं मामानं अजून काहीच देलं नाही.”

तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं. मामांच्या लेखी सहीने जुनं देणं फिटलं होतं. भाच्याच्या लेखी ते सुरूही झालं नव्हतं. आणि बहिणीने ते कधी देणं म्हणून धरलंच नव्हतं. असे प्रसंग माझ्या कामात रोज येत नाहीत. मी मध्ये बोलले नाही, आणि ते न बोलणं जमायला बरीच वर्षं लागतात.

त्यानंतर पैशाचं गणित अर्ध्या तासात सुटलं. मामांनी भरलेले २३,००० रुपये दुरुस्तीतला त्यांचा वाटा धरला. उरलेले ४५,००० भाच्याचे, कारण विमा कमी करण्याचा निर्णय त्याचा होता. फर्स्ट पार्टी पुन्हा सुरू करून पॉलिसीची प्रत मामांना द्यायची आणि गाडी मागितली तर कोण चालवणार ते आधी सांगायचं. एका कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. मामांना जामिनातून मोकळं व्हायचं होतं, पण बँकेच्या संमतीशिवाय ते होत नाही, तेही स्पष्ट सांगितलं.

तुम्ही जामीन राहणार असाल तर विम्याची प्रत, हप्त्याची तारीख आणि गाडी कोण चालवणार, हे सहीआधी विचारा. आणि स्वतःलाही विचारा की या सहीच्या बदल्यात मला काय हवंय. मान, चावी, की जुन्या देण्यातून सुटका? जे असेल ते बोलून दाखवा. लाज वाटत असेल तर सही करू नका.

वावराचा विषय मी त्या कागदात येऊ दिला नाही. तो बहीण-भावाचा आहे, गाडीच्या हिशोबात त्याची वजाबाकी होऊ नये. जाताना बहिणीने हळूच विचारलं, “आता काही होते का त्या सहीचं?” मी तिला तालुका विधी सेवा समितीचा पत्ता दिला. तिथे बाईमाणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. भावाला सांगून जायचं की न सांगता, ते ती अजून ठरवतेय.