लूत्रोत टॅव्हर्नाच्या खोलीत राहावे का?

सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील लूत्रो गावात चार-पाच दिवस राहावे का, आणि सारे शाकाहारी असताना खोल्याही भाड्याने देणाऱ्या एका कुटुंबाच्या टॅव्हर्नावर, म्हणजे घरगुती खानावळीवर, जेवणाची भिस्त ठेवावी का, असे आपण विचारले आहे. जेवणाची चिंता सोडावी. विचार करावा तो पायऱ्यांचा, आवाजाचा आणि बोटीचा.

ग्रीक ऑर्थोडॉक्स उपवासांत मांस, अंडी व दूध वर्ज्य असल्यामुळे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांची मोठी परंपरा तिथे आहे. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या म्हणजे गेमिस्ता, वांगी-बटाट्यांचे ब्रिआम, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे यीगांतेस आणि होर्ता ही उकडलेली पालेभाजी सहसा मिळते. उपवासाच्या पदार्थाला 'निस्तीसिमो' म्हणतात, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात. गेमिस्तात कधी खिमाही असतो. मांस, मासे, कोळंबी यांतले काहीच नको, असे स्पष्ट सांगावे. या भाज्या बहुधा सकाळीच शिजवून ठेवलेल्या असतात व रात्रीपर्यंत संपू शकतात, म्हणून रात्रीचे जेवण दुपारीच सांगून ठेवणे शहाणपणाचे. मिझिथ्रा चीज भरून तव्यावर भाजलेली, वर मध घातलेली स्फाकिया या इथल्या भागाची पोळी आपल्या पुरणपोळीची दूरची बहीण शोभते. ती आईवडिलांना नक्की आवडेल. जेवणानंतर यजमान आपणहून राकी ही द्राक्षांची कडक दारू आणून ठेवतात. ती प्यायची नसल्यास हसून आभार मानावेत, कोणी राग धरत नाही.

समुद्राकडची खोली सगळेच मागतात, परंतु तिच्याच खाली टेबले मांडलेली असतात आणि ग्रीक मंडळी रात्री नऊनंतर जेवायला बसतात. आईवडिलांसाठी मागच्या बाजूची, कमी पायऱ्यांची खोली लेखी मागून घ्यावी. शेंगेन व्हिसासाठी सर्वांची नावे व तारखा असलेले निवासाचे पत्रही त्याच वेळी मागावे. दुपारी मात्र सामसूम असते: तीन ते साडेपाच हा उन्हाळ्यातील शांततेचा अधिकृत काळ असून पहाटेपासून राबणारे कुटुंबही तेव्हा झोपते, त्यामुळे चहासाठी दार वाजवू नये.

लूत्रोला मोटाररस्ता नाही. खानिया शहरातून बसने डोंगर ओलांडून खोरा स्फाकियोन या बंदरगावी उतरावे आणि तिथून छोट्या बोटप्रवासाने गावात यावे. चालत येण्याची पायवाट आईवडिलांसाठी नव्हे. गावाची खाडी चांगली आडोशाची आहे, प्राचीन फीनिक्स नगराचे बंदर इथेच होते असे मानतात, तरी बाहेरच्या समुद्रात वारा चढला की बोटी रद्द होतात. १५ ऑगस्टच्या मरियमच्या सणाच्या सुमारास ग्रीक कुटुंबांचीच गर्दी असते, त्यामुळे जून किंवा सप्टेंबर निवडावा, आणि परतीच्या विमानाआधीची रात्र लूत्रोत न काढता खानियात काढावी.