मेमध्ये व्हॉलंटियर येताहेत, काम काय द्यायचं?

प्रश्न: ताई, महूजवळ आमची दोन एकर शेती आहे, मेमध्ये कॉलेजची मुलं मदतीला येताहेत, राहणं-जेवण आमचं, काम त्यांचं. पण ४२ डिग्रीत करून काय घ्यायचं? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: अहो, दुपारी उन्हात काहीच नको! सकाळी साडेपाचला चहा-पोहे आणि दहाला सुट्टी, मग थेट संध्याकाळी. माळव्याची काळी माती आता भेगाळलेली, तिथे कुदळ देऊन पोरांची हौस मारू नका, त्यापेक्षा आंब्याच्या आळ्यात पालापाचोळा पसरायला लावा, ओल टिकते. दुपारी सावलीत कांदे निवडू देत, मऊ मानेचा नि कोंब आलेला आधी स्वयंपाकात, नाहीतर शेजारचेही सडतात. कोणी परदेशी असेल तर तो राहायला आल्याचं तुम्ही २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला (FRRO) ऑनलाइन कळवावं लागतं बरं का. आणि पन्ह्यात मीठ हवंच, नुसतं गोड नको.