मौन कोणासाठी धरायचे?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत महिलांच्या निधीचा हिशेब मी सहा वर्षांपासून ठेवते. यंदा सुगीच्या सणाला अर्पणात आलेले भात, काजू व रताळी यांचा लिलाव झाला, आणि त्यातली काही रक्कम मी वापरल्याची कुजबुज माझ्या जाऊबाईंनी सुरू केली. पाळकसाहेब म्हणतात, ‘पिलातापुढे प्रभू गप्प राहिले, तुम्हीही राहा.’ यजमान म्हणतात, गप्प बसणे म्हणजे कबुली देणे. मी काय करावे?
— एक भगिनी

उत्तर : ताई, आपल्या सीमाभागात ‘मातु बेळ्ळी, मौन बंगार’ ही कन्नड म्हण मराठी घरांतही ऐकू येते, आणि बोलणे चांदी व मौन सोने हे बायबलमधील नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायालाही मान्य आहे, गप्प राहणारा मूर्खदेखील शहाणा गणला जातो, असे तेथे म्हटले आहे. परंतु पाळकसाहेबांनी दिलेला दाखला अर्धाच आहे. रोमी सुभेदार पिलातापुढे मुख्य याजक आरोप करीत असता येशू काही बोलला नाही, आणि केवळ चमत्कार पाहण्याच्या हौसेने प्रश्न विचारणाऱ्या गालीलच्या अधिपती हेरोदालाही त्याने उत्तर दिले नाही; मात्र त्याच्या आदल्या रात्री महायाजकापुढील चौकशीत जवळ उभ्या असलेल्या शिपायाने चपराक मारली, तेव्हा ‘मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?’ असे त्याने स्पष्ट विचारले (योहान 18:23). म्हणजे ज्याला सत्य ऐकायचेच नव्हते त्याच्यापुढे तो गप्प राहिला. जेथे प्रश्न विचारणे योग्य होते तेथे त्याने विचारला.

तुमच्या बाबतीत तर पैसा तुमचा नाही. तो काजू वेचून, भात कांडून अर्पण आणणाऱ्या बायकांचा आहे. यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलाने ती एकट्याने नेण्याचे टाळले, आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊही पाठवला, आणि कारण लिहून ठेवले : एवढ्या मोठ्या दानाविषयी कोणी आम्हांला दोष लावू नये, कारण केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही पाहतो (2 करिंथ 8:20-21). हिशेबाच्या बाबतीत पौलाने मौनाला जागाच ठेवलेली नाही. वही उघडी करण्याऐवजी ‘गप्प राहा’ असा सल्ला देणे मंडळीला सोयीचे असेल, पण तो सल्ला मला पटत नाही.

मौन ठेवायचे ते जाऊबाईंविषयी. त्यांच्या माहेरच्या गोष्टी, जुनी भांडणे, कुजबुज कोणत्या घरातून निघाली याचा शोध, हे सारे तोंडात आले तरी गिळावे. त्यांना भेटायचे असेल तर मत्तय 18:15 सांगते तसे एकांतात भेटा. यजमानांना बरोबर नेऊ नका, कारण आधीच रागावलेला माणूस अशा भेटीत साक्षीदार राहत नाही, पक्षकार होतो. त्यानंतर पाळकसाहेबांना विनंती करून दोन जाणत्या बायकांकडून वही तपासून घ्या आणि जमा-खर्च पुढच्या रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवा. लिलावातील एखादी पावती हरवली असेल, तर तेही कोणी विचारण्यापूर्वी तुम्हीच सांगा.