जपानी येत नसताना व्हिज्युअल नॉव्हेलचा चाहता होता येतं का? इंग्रजीतून वाचणाऱ्यांचं जग नेमकं कसं असतं?

‘स्टाइन्स गेट’चा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, पाहून तुम्हाला आता मूळ व्हिज्युअल नॉव्हेल वाचायची आहे. जपानी येत नाही, आणि इंग्रजीतून वाचणारी जुनी मंडळी आपल्याला उपरं समजतील की काय अशी धास्ती आहे. धास्तीबद्दल आधी सांगतो: तिथे सगळेच उपरे आहेत. मामा वरेरकरांच्या मराठीतून शरदबाबू वाचून रडलेल्या पिढीला ‘तुम्हाला कुठे बंगाली येतं’ असं कुणी विचारलं नाही. इथेही तसंच. फरक एवढाच, की इथे वरेरकर बहुतेकदा निनावी असतो, विशीतला असतो आणि फुकट काम करत असतो. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय या जगाबद्दल काहीच सांगता येणार नाही.

हा प्रकार ज्यांना ठाऊकच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर मागे स्थिर चित्र, पुढे उभं असलेलं पात्र, खाली चौकटीत मजकूर, सोबत संगीत आणि बऱ्याचदा आवाज. क्लिक केलं की पुढची ओळ येते. अधूनमधून पर्याय समोर येतात आणि त्यांवरून कथा कुठल्या पात्राच्या वाटेने, म्हणजे कुठल्या ‘रूट’ने जाणार ते ठरतं. याला गेम म्हणायचं की पुस्तक, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात. मी ‘वाचतो’ म्हणतो आणि भांडणात पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजीतला चाहता घडला तो वाट बघण्यातून. ‘फेट/स्टे नाइट’ जपानमध्ये ३० जानेवारी २००४ रोजी आली. तिच्यावर ॲनिमे निघाले, पुढे मोबाइल गेम निघाला, ती काढणाऱ्या टाइप-मूनचं नाव जगभर झालं. आणि मूळ कथेचं अधिकृत इंग्रजी भाषांतर? ऑगस्ट २०२४. वीस वर्षं उलटून गेल्यावर. या काळात इंग्रजीतून ज्यांनी ती वाचली, त्यांनी ती ‘मिरर मून’ या चाहत्यांच्या गटाने २००८ मध्ये पूर्ण केलेल्या भाषांतरातून वाचली. त्याच गटाने त्याआधी ‘त्सुकिहिमे’ इंग्रजीत आणली होती. ती तर टाइप-मून ही कंपनी नव्हती, नुसता हौशी मंडळींचा गट होता, तेव्हाची कथा. डिसेंबर २००० मध्ये टोकियोच्या कॉमिकेट या हौशी प्रकाशनांच्या मेळाव्यात विकलेली.

भाषांतर झालं म्हणजे वाचायला मिळालं, असंही नव्हतं. चाहत्यांचा गट तुम्हाला गेम देत नसे. देई तो फक्त ‘पॅच’, म्हणजे मूळ गेममध्ये भाषांतर घालणारी फाइल. मूळ जपानी डिस्क तुमची तुम्ही मिळवायची. मग विंडोजचं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, जपानी करायचं, संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा, पॅच टाकायचा, आणि तरीही अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली की लोकांना विचारत बसायचं. आत घडणारी गंमत आणखी वेगळी. जपानी लिखाणात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, म्हणून ओळ भरली की जवळपास कुठेही तोडून खाली नेलेली चालते. त्याच इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, इंग्रजी ओतलं की शब्द मधोमध तुटतात आणि वाक्यं चौकटीबाहेर सांडतात. म्हणजे भाषांतरकाराच्या जोडीला एक प्रोग्रामर हवाच. ‘एनस्क्रिप्टर’ या जपानी इंजिनवर चालणाऱ्या गेमसाठी ओगापी नावाने लिहिणाऱ्या जपानी प्रोग्रामरने ‘ओएनस्क्रिप्टर’ हा मुक्त पर्याय केला, आणि हेलेथ या टोपणनावाच्या भाषांतरकाराने त्याची इंग्रजीला चालेल अशी आवृत्ती काढली. त्या एका कामावर पुढची कित्येक भाषांतरं उभी राहिली. या माणसांची खरी नावं आमच्यापैकी बहुतेकांना माहीत नाहीत, पण त्यांच्या शैलीवर मात्र आम्ही तासन्‌तास बोलू शकतो.

‘नार्सिसू’ हे याचं माझं आवडतं उदाहरण. तोमो काताओका यांची २००५ मधली छोटी, मोफत कथा: मरण ठरलेल्या दोन रुग्णांनी हॉस्पिटलमधून गाडी काढून आवाजी बेटाकडे केलेला प्रवास. चित्रं मुद्दाम अगदी कमी, बरीचशी काळ्या पट्ट्यांत कोंबलेली. इंग्रजी आवृत्ती आली तेव्हा एकाच फाइलमध्ये दोन वेगवेगळ्या भाषांतरकारांची दोन भाषांतरं होती. एक आवाजासह वाचायला, दुसरं आवाजाशिवाय. कुठल्या प्रकाशकाने असं केलं असतं? धंद्याच्या हिशोबात हे बसतच नाही. कथेवर जीव जडलेल्या माणसांनाच ते सुचतं. मी दोन्ही वाचली आहेत, आणि आवाज नसलेलं मला जास्त भिडलं.

या पद्धतीचा एक परिणाम मात्र नव्या वाचकाच्या लक्षात येत नाही. इंग्रजीत ‘सर्वोत्तम दहा’ म्हणून ज्या याद्या फिरतात त्या जपानमधल्या सर्वोत्तम दहा नव्हेत. कुणाला तरी फुकट राबावंसं वाटलं त्यातल्या त्या दहा आहेत. ज्या कथेने एखाद्याला पछाडलं तीच इकडे आली. त्यामुळे लांबलचक, रडवणाऱ्या, शेवटी सगळं उलटंपालटं करणाऱ्या कथांचं पारडं इथे फार जड आहे. ‘की’ या निर्मात्यांची ‘क्लॅनाड’, र्युकिशी०७ यांची ‘हिगुराशी’ आणि ‘उमिनेको’, असल्या. हलक्याफुलक्या, रोजच्या जगण्यातल्या कितीतरी कथा जपानमध्ये लोकांनी आवडीने वाचल्या, पण इंग्रजीत त्यांचं नावही कुणाला माहीत नाही. तेव्हा ‘सगळ्या व्हिज्युअल नॉव्हेल रडक्याच असतात’ असं तुम्हाला वाटलं, तर तो दोष निवडीचा आहे.

अधिकृत प्रकाशक नव्हतेच असं नाही. जास्ट यूएसए १९९६ पासून आहे. हिरामेकीने ‘एव्हर १७’ २००५ मध्ये इंग्रजीत काढली आणि २००८ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं. विक्री इतकी तोकडी, की मोठी कथा कुणी हातात घ्यायला धजावत नसे. वारं फिरलं ते स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान आणि लोकांकडून आगाऊ पैसे जमवून देणारं किकस्टार्टर यांच्यामुळे. ‘क्लॅनाड’च्या इंग्रजी आवृत्तीसाठी १ लाख ४० हजार डॉलर मागितले होते, जमले ५ लाख ४० हजारांच्या वर. ‘मव-लव’ने २०१५ मध्ये अडीच लाख मागून साडेबारा लाख डॉलर ओलांडले. वर्षानुवर्षं फुकट पॅचवर वाचणाऱ्या लोकांनीच हे पैसे टाकले. ‘हे चोर आहेत, विकत काही घेणार नाहीत’ म्हणणाऱ्यांची तोंडं तेव्हा बंद झाली. मला त्याचं सुख अजून वाटतं, खोटं कशाला बोलू.

इंग्रजी वाचक नुसता घेतच राहिला असंही नाही. एका जपानी चित्रकाराने काढलेलं, अपंग मुलींच्या शाळेची कल्पना मांडणारं रेखाचित्रांचं एक पान इंटरनेटवर फिरत होतं. त्यावरून देशोदेशींच्या हौशी लोकांनी जमून ‘कातावा शोजो’ लिहिली, पाच वर्षं घालवून ४ जानेवारी २०१२ रोजी फुकट वाटली. विषय ऐकून नाक मुरडणारे वाचून गप्प झाले. पुढे तिचं जपानीत भाषांतर झालं. ती बनली रेन्पाय या मोफत इंजिनवर, जे २००४ पासून उपलब्ध आहे आणि आजही नवशिक्याला शिकता येतं. २०१७ ची ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ही त्याच इंजिनवरची. तिच्यामुळे आलेल्या नव्या गर्दीकडे जुनी खोडं ‘यांना त्याआधीचं काही माहीत नाही’ अशा नजरेने बघतात. त्या नजरेकडे दुर्लक्ष करा.

आता अवघड जागेचं दुखणं. संगणकावरच्या अनेक जपानी व्हिज्युअल नॉव्हेल प्रौढांसाठीच्या होत्या, म्हणजे त्यांत लैंगिक प्रसंग असत; मूळ ‘फेट’मध्येही तसे प्रसंग आहेत. ‘क्लॅनाड’ मात्र पहिल्यापासून सर्वांसाठीची. इंग्रजीत येताना हे प्रसंग कापायचे, वेगळ्या पॅचमधून द्यायचे की तसेच ठेवायचे यावर कायम वाद असतो. स्टीमचं धोरण तर आज एक, उद्या दुसरं. २०२२ मध्ये ‘केऑस हेड नोआ’ स्टीमवर येणार नाही असं जाहीर झालं, वाचकांनी आरडाओरडा केला, आणि ऑक्टोबरमध्ये ती आली. याचा रोजच्या जगण्यातला भाग असा, की तुमचा छंद घरच्यांना समजावून सांगणं जरा जिकिरीचं होतं. एखादी आत्या खांद्यावरून डोकावून ‘काय वाचतोयस रे?’ म्हणते तेव्हा पडद्यावर नेमकं काय असेल याचा भरवसा नसतो. माझा सल्ला: विकत घेण्याआधी व्हीएनडीबी या संकेतस्थळावर त्या कथेचं पान बघा. २००७ पासून वाचकांनीच उभी केलेली ही सूची आहे. वय, विषय, अंदाजे किती तास, कुठल्या भाषेत कुणी आणली, सगळं तिथे सापडतं. पन्नास तासांवरच्या कथांचा तिथे वेगळा गट आहे, हे आधीच पाहून ठेवलेलं बरं.

भांडणांचं म्हणाल तर ती भरपूर. ज्यांनी जपानी शिकून घेतलं त्यांच्यातले काही जण इतरांना ‘ईओपी’ म्हणजे फक्त इंग्रजीवाले म्हणून हिणवतात. हल्ली यंत्राने केलेल्या भाषांतरावरून तर रणं पेटतात. कुणी म्हणतं, काहीच नसण्यापेक्षा बरं. मला पटत नाही. रहस्यकथेत कोण बोललं आणि कोणाबद्दल बोललं हेच कळेनासं झालं तर उरतं काय? जपानीत कर्ता बहुधा गाळलेला असतो, यंत्र तो अंदाजाने भरतं, आणि ‘उमिनेको’सारख्या कथेत तो एक अंदाज चुकला की अख्ख्या कोड्याचा विचका.

याच मंडळींची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. शेवट फोडायचा नाही, हा नियम सगळे काटेकोरपणे पाळतात. एरवी एकमेकांचे गळे धरणारी माणसं नवा वाचक आला की ‘तू वाच, संपलं की सांग’ म्हणून गप्प बसतात, आणि मग त्याच्या प्रतिक्रियांची लहान मुलासारखी वाट बघतात. ओतोमे, म्हणजे नायिकेच्या बाजूने लिहिलेल्या प्रेमकथा वाचणाऱ्यांचं जग याला लागून पण निराळं आहे. तिथे वाचक बहुतेक स्त्रिया, आणि त्यांचं म्हणणं मी सांगण्यापेक्षा त्यांनीच सांगितलेलं बरं.

जपानी शिकावं का? पुण्यात राहत असाल तर वर्गांना तोटा नाही. चालू गेममधला मजकूर उचलून शब्दकोशात टाकणारं टेक्स्ट्रॅक्टर नावाचं साधनही आहे, आणि त्याच्या आधाराने वाचत वाचत शिकलेले कितीतरी लोक या जगात भेटतात. पण ती अट समजू नका.

तर सुरुवात. ‘नार्सिसू’ एका बैठकीत होईल, ती आधी वाचा. वाचनाचा हा वेग, क्लिक करत जाणं, मानवतं का ते कळेल. मग ‘स्टाइन्स गेट’ घ्या. ती इंग्रजीत २०१४ पासून आहे आणि स्टीमवर रुपयांत मिळते. सेल लागेपर्यंत थांबलात तर बरीच स्वस्त. ॲनिमे पाहिला आहे म्हणून पहिले तास भराभर पळवू नका, कारण नायक ओकाबेच्या डोक्यात चाललेली बडबड तुम्हाला ॲनिमेत जेमतेम मिळाली आहे. तिथे पर्यायांची नेहमीची यादी येत नाही, सगळं फोनवर चालतं: आलेल्या मेलमधल्या अधोरेखित शब्दांपैकी कुठल्यावर उत्तर देता, फोन उचलता की नाही, यावर वाट ठरते. पहिल्यांदा मनाला येईल तसं करा. ‘ट्रू एंड’साठी, म्हणजे कथेच्या खऱ्या शेवटासाठी, मात्र कुरिसु या नायिकेच्या मेलना ठरावीक उत्तरं द्यावी लागतात आणि ती आपोआप सुचणं कठीण आहे, तेव्हा दुसऱ्या फेरीला खुशाल मार्गदर्शिका उघडून बसा.