दमवणाऱ्या व्यायामानंतर खेळाडू अंगातलं लॅक्टिक ॲसिड कसं काढतात?

काढत नाहीत. जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं हे आम्ल आपलं आपण जातं, बहुतेक वेळा तासाभरातच. तुम्ही विचारलंय की दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, मग खेळाडू रोज सराव कसा करतात आणि ते ॲसिड कसं घालवतात. यात मराठीचाही थोडा दोष आहे. आपण 'अंग आंबलंय' म्हणतो, त्यामुळे आत काहीतरी आंबट साठलंय हे लगेच पटतं. पण दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्या ॲसिडचं नसतं.

लहानपणी दोन वर्षं कोल्हापुरात तालमीत जात होतो. पहिल्या बैठकांनंतर मांड्या धरल्या की वस्ताद म्हणायचे, "आंबलंय, आणखी मार, जाईल." आता चाळिशीत धावतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून परत उतरावा लागतो. पहिल्या वर्षी चढणीत जीव गेला, पण सोमवारी दुखलं ते उतरणीमुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरत असतो. त्यात त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते, ती भरून येताना सूज येते आणि दुखतं. म्हणून दुखणं लगेच जाणवत नाही, एक ते तीन दिवसांनी टोकाला जातं. मी कठडा धरून आडवा, खेकड्यासारखा जिना उतरत होतो.

आता खेळाडू काय करतात ते. आधी पाणी. धावण्याआधी माझं वजन ६८ किलो होतं, नंतर ६६.४. जितकं घटलं त्याच्या साधारण दीडपट पाणी पुढच्या काही तासांत प्यायचं, म्हणजे मला सुमारे २.४ लिटर. एकदम घटाघट नाही, आणि मीठ हवंच. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी उत्तम.

मग खाणं. स्नायूंतला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, पूर्ण भरायला साधारण एक दिवस लागतो. त्याच दिवशी पुन्हा खेळायचं असेल तर पहिले काही तास दर तासाला, वजनाच्या किलोमागे १ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं घेतात. तुम्हाला-मला इतका हिशेब नको. भात-आमटी आणि दोन-तीन अंडी किंवा पनीर पुरे. नुसत्या प्रोटीन पावडरीवर भागत नाही.

आणि झोप. तालमीतले पैलवान सकाळची मेहनत झाली की खुराक, थंडाई घेऊन दुपारी गाढ झोपायचे. तेव्हा आम्हा पोरांना ती चैन वाटायची. संध्याकाळी त्यांच्या पाठीवर उभं राहून अंग तुडवायचं काम आमचं. मालिशने दुखणं थोडं हलकं वाटतं, हे खरंच आहे. स्ट्रेचिंगने मात्र दुसऱ्या दिवशीचं दुखणं फारसं कमी होत नाही.

बर्फाच्या पाण्याची सध्या फॅशन आहे. १०-१५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसलं तर दुखणं कमी वाटतं. उद्या पुन्हा सामना असेल तर ठीक. पण वजनं उचलून ताकद कमवायची असेल तर रोज असं बसू नका, स्नायूंची वाढच मंदावते.

वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. अंगातलं पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला जड जातात. लघवी कोलासारखी गडद झाली तर घरगुती उपाय बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा.

वस्तादांचं निम्मं बरोबर होतं. हलकं चालत राहिलं की तात्पुरतं बरं वाटतं, आणि तोच व्यायाम एकदा सोसलेला स्नायू पुढच्या वेळी कमी दुखतो. यंदा स्पर्धेआधी महिनाभर दर रविवारी थोडी उतरण धावलो. सोमवारी जिना सरळ उतरलो, कठड्याला हात न लावता.