रोज खिशात ठेवायला जुन्या पद्धतीचा घडीचा चाकू कोणता घ्यावा? आणि जमवलेले चाकू वापरावेत की जपून ठेवावेत?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. वापरा. रोज वापरा.

आजोबा गेले तेव्हा त्यांचे दोन चाकू मागे राहिले, दोन्ही सारखेच, हाडाची मूठ आणि कार्बन स्टीलची तीन पाती. एक दादाने घेतला, एक मी. दादाचं म्हणणं, ही आठवण आहे, हिला हात लावायचा नाही, म्हणून त्याने तो चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवून दिला. मी माझा दुसऱ्या दिवसापासून खिशात टाकला, पार्सल फोड, सुतळी काप, पेन्सिलला टोक काढ, आणि रात्री फडक्याने पुसून ठेव, अधूनमधून सांध्यात तेलाचा एक थेंब, बस. यावरून दादा मला वर्षानुवर्षं बोलला, आजोबांची वस्तू झिजवतोयस, पात्याची चकाकी घालवलीस.

नऊ वर्षांनी सगळे जमलो होतो तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने त्याचा चाकू काढला तर पातं उघडेचना. खाचेत नख घालून ओढलं तर नखच तुटलं. रात्रभर तेलात ठेवून सकाळी कसाबसा उघडला, तर पात्यावर गंजाचे खड्डे आणि पाठीची स्प्रिंगसुद्धा गंजून जाम झालेली. चामडं ओलावा धरून ठेवतं, शिवाय ते कमावतानाची द्रव्यं आत उरलेली असतात, कार्बन स्टील त्यात नुसतं पडून राहिलं तरी खराब होतं. माझ्या पात्यावर करडी-निळसर झाक चढलीय, तिला पॅटिना म्हणतात, आणि ती लाल गंजाला बऱ्यापैकी आवरते. माझा आजही कटकन उघडतो, कटकन मिटतो.

आता कोणता घ्यावा. पहिलाच असेल तर ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा 8 नंबर, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, खिशात जाणवतही नाही एवढा हलका, आणि 1955 पासून त्याला फिरवून लॉक करायचं कडं असतं. फक्त लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पातं अडकतं. पुसायचा कंटाळा असेल तर सरळ स्टेनलेस घ्या, स्विस आर्मी चाकूत काही कमी नाही. स्टॉकमन नावाच्या तीन पात्यांच्या घडीच्या चाकूतलं सरळ धारेचं शीपफूट पातं पार्सलला सगळ्यात उपयोगी, त्याला अणकुचीदार टोक नसतं त्यामुळे आतली वस्तू खरचटत नाही.

ज्या पात्याला कधी धार लावली नाही ते पातं म्हणजे नुसती पट्टी, मग तो संग्रह कितीही मोठा असो.

हां, एक सांगायचं राहिलं, न वापरलेला दुर्मिळ पीस विकायच्या हेतूने घेतला असेल तर त्याला धार लावू नका, किंमत पडते, पण तोही चामड्यात ठेवू नका. जुन्या सेल्युलॉइड (एक जुनं प्लास्टिक) मुठीचे चाकू बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, ती मूठ सडायला लागली की तिच्या वाफेने शेजारचीही पाती गंजतात. बहुतेक जुन्या पद्धतीच्या चाकूंना लॉक नसतं, त्यामुळे टोक दाबून भोसकायचं काम करू नका, पातं बोटावर मिटतं. विमानात हँडबॅगेत नाही, चेक-इनमध्ये. तुमच्याकडचा कायदाही आधी बघून घ्या, पात्याची लांबी आणि लॉक यावरून बऱ्याच ठिकाणी नियम बदलतात.

दादा अजूनही म्हणतो की मीच चाकू झिजवला. त्याचा साफ करून, धार लावून देतो असं मी तीनदा म्हटलं, तो देत नाही. परत त्याच पाकिटात ठेवलाय.