किशोर वाचनगटासाठी पहिली कादंबरी निवडताना
किशोरांच्या वाचनगटात बंदुकीच्या हिंसेवरची कादंबरी प्रथमच घेणार असाल, तर अमेरिकी लेखक जेसन रेनॉल्ड्स यांच्या ‘लाँग वे डाउन’पासून (२०१७) सुरुवात करावी, असे मी सुचवीन. भावाच्या खुनाचा सूड घ्यायला कमरेला पिस्तूल खोचून लिफ्टने खाली निघालेल्या १५ वर्षांच्या विलचा जेमतेम मिनिटभराचा प्रवास त्यात मुक्तछंदात येतो, आणि मजल्यागणिक गोळीने मेलेले कुणीतरी आत शिरते. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार एकविशीच्या आत सहसा परवानाही मिळत नाही, त्यामुळे ‘त्याच्या घरात पिस्तूल आलेच कसे?’ असे दादरची मुले हमखास विचारतात. तो प्रश्न टाळू नये. मी मात्र पहिल्याच बैठकीत कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेतील २६/११च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणांचा विषय काढला आणि त्या दिवशी कादंबरी बाजूलाच राहिली.